अढी : पायाच्या आकड्याचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचं नाव वाचून दोघांनी आम्हाला फोन केले. एकाने विचारलं, सर, आकड्याचा इतिहास म्हणजे मटक्याचा का? दुसऱ्यांना वाटलं, आम्ही या वयात गणिताकडे वळलो. दोन्ही नाही. आकडा म्हणजे साधा लोखंडी आकडा. झोपाळ्याची कडी ज्यात अडकते तो, विहिरीत पडलेली कळशी काढायच्या गळाला असतो तो. लोखंडाची सळई वाकवली की आकडा होतो, आणि माणसाचा पाय गुडघ्यात वाकवला की तोही आकडा होतो. तो कशाला अडकवायचा, कधी अडकवायचा आणि मुख्य म्हणजे कधी सोडायचा, एवढं शिकायला वर्षं जातात. त्या शिकण्याचा इतिहास आज सांगायचा आहे, आणि तो बराचसा आपल्याच जिल्ह्यातून जातो.

सुरुवात मात्र लांबून करतो. गेल्या दिवाळीत आमची नात पुण्याहून आली होती. ती तिथे नोकरी करते आणि संध्याकाळी अर्जेंटिनाचा टँगो शिकते. आम्ही म्हटलं, करून दाखव. ती म्हणाली, आजोबा, हा जोडीचा नाच आहे, एकटीने कसा दाखवू? मग इकडेतिकडे बघून तिने आमच्या पडवीतला खांब निवडला. जुना सागवानी खांब, खाली दगडी तळखडा, कडा मारलेल्या. त्याच्यासमोर उभी राहिली, एका पायावर सगळा भार घेतला, अंग थोडं वळवलं, आणि मोकळा पाय गुडघ्यात वाकून खांबामागे असा गेला आणि परत आला की आम्ही हातातला चहा खाली ठेवला. "याला गांचो म्हणतात," ती म्हणाली. "स्पॅनिशमध्ये गांचो म्हणजे आकडा."

आम्ही म्हटलं, अगं, आपल्याकडे याची थोरली बहीण आहे. तिला अढी म्हणतात.

आता हा शब्द बघा. मराठीत अढीला किती अर्थ आहेत! पायावर पाय टाकून अढी घालून बसतात. गवतात आंब्याची अढी लावतात. मनात कोणाविषयी अढी बसते. आणि मल्लखांबावर अढी मारतात. चारही ठिकाणी काहीतरी कशाला तरी धरून, दाबून, गुंतून बसलेलं आहे. आंबा अढीत पिकतो आणि मनातली अढी कुजते, हा फरक सोडून द्या.

मल्लखांब ज्यांनी जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुरलेला मल्लखांब म्हणजे सागाचा किंवा शिसवीचा गुळगुळीत खांब, तळाशी जाड आणि वर निमुळता होत गेलेला. त्याच्या भागांची नावं ऐका. सर्वांत वर बोंड, त्याखाली मान, त्याखाली अंग. लाकडाला मान आणि अंग आहे, कारण हा खांब म्हणजे पैलवानाचा जोडीदार. कुस्तीत समोरच्या मल्लाला जशी मिठी घालायची, मान पकडायची, पायात पाय गुंतवायचा, तसं सगळं या न थकणाऱ्या, न चिडणाऱ्या मल्लाबरोबर करायचं. त्याला एरंडेल चोळतात, कातडी घासून निघू नये म्हणून. आमच्या लहानपणी तालमीत शिरलं की आधी तो वास यायचा, मग लाल मातीचा.

अढी ही या विद्येतली मुळाक्षरं. पुढे तेढी आहे, बगली आहे, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, ताजवे, झाप, अशी मोठी बाराखडी आहे. पण अढी आल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. खांबाला हातांनी धरायचं, डोकं खाली, कंबर वर, आणि खांब दोन मांड्यांच्या मध्ये असा पकडायचा की एक पाय पुढून आणि एक मागून वळलेला राहील. मग हात सोडायचे. हे 'मग हात सोडायचे' म्हणताना आम्हाला दोन सेकंद लागले. करताना आम्हाला चार महिने लागले होते.

नवखा पोरगा काय करतो? नडगीने धरतो. सगळं बळ पावलात आणि घोट्यात आणतो, कारण त्याला वाटतं पाय म्हणजे पाऊल. नडग्या सोलवटतात, आणि तो घसरतच राहतो. अढी मांडीच्या आतल्या अंगाने आणि गुडघ्यामागच्या लवणीने धरायची असते, आणि तीसुद्धा पाय फेकून नव्हे. आमचे वस्ताद म्हणायचे, "पाय कशाला उचलतो रे, पोट उचल, पाय येतील मागनं." हे वाक्य आम्ही शंभर वेळा ऐकलं आणि एकदाही समजलं नाही. मग एके दिवशी पोट उचललं गेलं आणि पाय मागनं आले. त्या दिवशी वाक्य समजलं. म्हणजे सूचना आधी आणि कृती नंतर असा क्रम नव्हता बरं का. कृती झाली आणि तिच्या उजेडात सूचना वाचता आली.

नातीला आम्ही विचारलं, तुमच्याकडे काय सांगतात? ती म्हणाली, अगदी तसंच. गांचो पायाने मारायचा नाही. जो मारतो तो समोरच्याच्या नडगीवर टाच हाणतो. उभ्या पायावर भार पक्का हवा, मोकळा पाय खरोखरच मोकळा हवा, कमरेपासून लोंबणाऱ्या लंबकासारखा. जोडीदार आपली मांडी वाटेत ठेवतो, थांबतो, किंचित वळण देतो. त्या वळणाने मोकळा पाय आपोआप निघतो, मांडीला मांडी लागते, तिथे अडल्यामुळे गुडघा वाकतो आणि पोटरी आकड्यासारखी वर येते. लगेच परत. आकडा अडकून राहिला तर नाच बंद पडला.

या दोन आकड्यांत मोठा फरक आहे, तो आधीच सांगून टाकतो, नाहीतर आम्ही सगळं जग मल्लखांबातून निघालं असं म्हणतोय, असा प्रवाद उठेल. अढी अडकून राहण्यासाठी आहे, गांचो सुटण्यासाठी. कुस्तीतली टांग तर तिसरीच, ती समोरच्याला पाडण्यासाठी. मराठीत 'पायात पाय घालणे' म्हणजे दुसऱ्याचं काम बिघडवणे; ब्यूनोस आयर्सच्या माणसाला हा वाक्प्रचार सांगितला तर तो म्हणेल, आमच्याकडे याला संध्याकाळ घालवणे म्हणतात. (हशा) या नाचाचं मूळ कोणी आपल्याकडे शोधू नये. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रिओ दे ला प्लाता नदीच्या दोन काठांवर, ब्यूनोस आयर्स आणि मॉन्टेव्हिडिओच्या गरीब वस्त्यांत वाढला. म्हणून तर २००९ साली युनेस्कोच्या यादीत तो अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोघांच्या नावाने लागला.

आता आपल्या आकड्याकडे. तो आला कुठून?

आखाड्यांत सांगितली जाणारी कथा अशी. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान आले. त्यांनी आव्हान दिलं. पुण्यात कोणी पुढे होईना. तेव्हा अठरा वर्षांचा एक ब्राह्मणाचा पोर उठला, बाळंभट देवधर. त्याने तयारीला मुदत मागितली आणि तो थेट सप्तशृंगगडावर, देवीच्या पायाशी आला. तिथे अनुष्ठान केलं. देवीने दृष्टांत दिला, आणि मारुतीने वानररूपात लाकडी खांबावर खेळून त्याला डाव दाखवले. मुदत संपल्यावर त्याने अलीला पाडलं, गुलाब लढायलाच उतरला नाही.

हे बाळंभटदादा देवधर आपल्या निफाड तालुक्यातल्या कोठुऱ्याचे. गोदावरीकाठचं गाव. जन्म १७८० चा. बाजीराव पेशवेपदावर आला १७९६ च्या डिसेंबरात. म्हणजे अठरा वर्षांचा पोर ही गोष्ट सालांशी जुळते. कथा म्हणून कथा सुंदर आहे, आणि आपल्या जिल्ह्याची असल्यामुळे आम्हाला तिचा अभिमानही आहे. पण इतिहास म्हणून तिच्याकडे बघायचं तर दोन गोष्टी अडतात.

पहिली गोष्ट, खांब जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकातला. त्यात मल्लविनोद नावाचं प्रकरण आहे, पैलवानांना काय खाऊ घालावं, कसा सराव करवावा हे सांगणारं, आणि तिथे खांबावरच्या श्रमाचाही समावेश आहे. (हाच तो ग्रंथ, ज्यात जुनी मराठी पदं सापडतात, भाषेच्या अभ्यासकांनी तो वाचला, तालीमवाल्यांनी नाही.) गुजरातेत मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांचं 'मल्लपुराण' आहे, १९६४ साली ते बडोद्याहून संपादून छापलं गेलं. त्यातल्या व्यायामांच्या यादीत स्तंभश्रम आहे. तेव्हा बाळंभटदादांनी मल्लखांब शोधला असं म्हणू नये. त्यांनी तो उठवला, त्याची पद्धत बसवली, आणि त्यांच्यापासून शिष्यपरंपरा सुरू झाली. हे काम शोधापेक्षा लहान आहे असं आम्हाला वाटत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गमतीची. ती आम्हाला पुस्तकात सापडली नाही, गडावर सापडली. पन्नास वर्षं ही कथा आम्ही सांगत होतो. मग एकदा नवरात्र उलटल्यावर, गर्दी नसताना, गडावर तासभर नुसते वानर बघत बसलो. बघा तुम्हीही. वानर फांदी धरतो ती पायाच्या पंजाने. त्याच्या पायाचा अंगठा हाताच्या अंगठ्यासारखा बाजूला निघतो. त्याला खालचेसुद्धा दोन हातच आहेत म्हणा ना. तो गुडघ्याचा आकडा करायच्या भानगडीत कशाला पडेल? माणसाचा अंगठा बाकीच्या बोटांच्या ओळीत येऊन बसला, त्यामुळे आपल्याला ताठ चालता आलं, पण पायाने धरण्याची सोय गेली. (दोरीच्या मल्लखांबावर अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोरी धरतात, तेवढीच काय ती उरली.) म्हणजे वानराचं पाहून जशीच्या तशी नक्कल करायला कोणी गेला तर तो पहिल्या मिनिटाला खाली येईल. वानर जे पंजाने करतो, ते माणसाला मांडीने आणि लवणीने करावं लागतं. कोणीतरी हा पर्याय शोधला, पडला, सोलवटला, पुन्हा चढला. अढी म्हणजे नक्कल नाही, नसलेल्या पंजाची ती भरपाई आहे.

आणि इथे आमचं दंतकथेशी भांडण आहे. दंतकथा श्रेय देवीला देते, मारुतीला देते, वानराला देते. मधल्या माणसाला देत नाही. ज्याने त्या पोराच्या कमरेखाली हात धरला असेल, ज्याने 'पोट उचल' म्हटलं असेल, तो वस्ताद कथेतून गायब. अनुष्ठानाने बळ येईल, धीर येईल, आम्ही नाकारत नाही. पण अढी दृष्टांतात शिकता येत नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी आज रात्री झोपेत प्रयत्न करावा.

पुढचा प्रवास झपाट्याने सांगतो. १८१८ ला पेशवाई गेली. बाजीरावाला आठ लाखांची पेन्शन देऊन इंग्रजांनी कानपूरजवळ बिठूरला बसवलं. बाळंभटदादा त्याच्याबरोबर गेले. तिथून विद्या काशीला गेली. दादांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांचं नाव काशीच्या आखाड्याशी जोडलेलं आहे. दादा १८५२ ला वारले. निफाड तालुक्यात जन्मलेल्या माणसाची विद्या गंगेच्या काठी रुजली आणि बडोदा, इंदूर, उज्जैन, मुंबई अशी फिरत पुन्हा गोदावरीवर आली. राज्य बुडाल्याने ती पसरली, असंही म्हणता येईल. पेशवाई टिकली असती तर कदाचित ती शनिवारवाड्याच्या आसपासच राहिली असती.

बिठूरच्या या मुक्कामाला एक धागा आहे, तो महत्त्वाचा. तिथे मोरोपंत तांब्यांची मुलगी वाढत होती, मनकर्णिका, पुढे झाशीची राणी. तिने दादांकडे धडे घेतले अशी परंपरा सांगतात. परंपरा सोडा, आपल्याकडे त्याहून चांगला साक्षीदार आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत झाशीत अडकले होते. त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये राणीची दिनचर्या आहे, आणि सकाळी मल्लखांब करण्याचा तिथे उल्लेख आहे. गोडसे भटजी भिक्षुकीवर गेलेले, पैशाची गरज असलेले, पोटभर जेवण मिळालं की तेही लिहून ठेवणारे गृहस्थ. असा माणूस राणीच्या व्यायामाविषयी उगाच काव्य करणार नाही. तेव्हा १८५७ साली एक मराठी बाई पुरलेल्या खांबावर चढत होती आणि त्याचं पाहणाऱ्याला आश्चर्य वाटलं असलं तरी पाप वाटलं नाही.

आता शंभर वर्षं पुढे या. १९६०-६१ चा सुमार. जुन्या नाशकातली एक तालीम. नाव सांगत नाही, आता ती नाही आणि ज्यांनी चालवली ते भले लोक होते. आम्ही दहा वर्षांचे. आमची ताई आमच्याहून तीन वर्षांनी मोठी. ती आम्हाला सोडायला यायची आणि दाराबाहेर उभी राहायची, कारण आत मुलींना मज्जाव. दाराच्या फटीतून जेवढं दिसेल तेवढं बघायची. आणि घरी येऊन, आई मागच्या अंगणात भांडी घासत असेल तेवढ्या वेळात, पडवीतल्या खांबावर करून बघायची. परकर खोचून. तोच खांब, ज्याच्यावर नातीने गांचो दाखवला.

तिला अढी आमच्या आधी आली. हे आम्ही आज प्रथमच चार लोकांत सांगतो आहोत. आमच्यापाशी वस्ताद होता, तेल लावलेला गोल खांब होता, खाली मऊ माती होती. तिच्यापाशी फट होती, चौकोनी खांब होता आणि खाली शहाबादी फरशी. तरी तिला आधी आली, आणि आम्ही जे 'पोट उचल' चार महिने ऐकत होतो त्याचं तिने एका संध्याकाळी आम्हाला करूनच दाखवलं. दुसऱ्या दिवशी तालमीत आमची अढी बसली. वस्तादांनी पाठीवर थाप मारली. आम्ही ती घेतली. कोणी शिकवलं ते सांगितलं नाही.

पुढे महिन्याभरात आईने तिला खांबावर पाहिलं. काय झालं असेल ते तुम्ही ओळखाल. त्यानंतर ती दारापर्यंत यायचीही बंद झाली. आणि आम्ही वर्षभराने एका झापेत मनगट मोडून घेतलं आणि मल्लखांब सोडला. मग शाळा, कॉलेज, तत्त्वज्ञान. डॉक्टरेटचा विषय होता ज्ञानाचं स्वरूप. तीनशेच्या वर पानं. त्यात प्लेटो आहे, धर्मकीर्ती आहे, कांट आहे. गिल्बर्ट राईलने १९४९ मध्ये 'काय आहे हे माहीत असणं' आणि 'कसं करायचं हे माहीत असणं' यांत फरक केला, त्यावर एक प्रकरण आहे, आणि त्या प्रकरणात उदाहरणं आहेत बुद्धिबळाची आणि सायकलची. अढी नाही. आम्ही अंगाने शिकलेली एकमेव गोष्ट प्रबंधात नाही. परीक्षकांपैकी कोणी ते विचारलं नाही, त्यांना कसं कळणार?

उशिरा का होईना, तो प्रश्न आम्ही स्वतःला विचारतो आहोत: अढी राहते कुठे? अंगात की मनात की ग्रंथात?

ग्रंथाचं आधी बघू. दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी बडोद्याहून 'व्यायाम ज्ञानकोश' काढला. १९३६ ते १९४९, दहा खंड. मराठी माणसाने केलेल्या प्रचंड कामांपैकी हे एक, आणि ज्याचं नाव आजच्या विद्यार्थ्याला विचारलं तर तो आभाळाकडे बघेल असं. मल्लखांबाचे प्रकार वर्गवारी करून, चित्रांसकट, पायरी पायरीने दिलेले आहेत. आम्ही कृतज्ञतेने वाचतो. पण वाचताना एक शब्द खटकत राहतो: 'नंतर'. हात असा ठेवावा, नंतर कंबर उचलावी, नंतर उजवा पाय. वाक्याला 'नंतर' लागतोच, भाषा एका वेळी एकच गोष्ट बोलू शकते. अढीत 'नंतर' नाही. कंबर, पोट, मांडी, लवण, श्वास सगळं एकदम. जो 'नंतर' पाळत अढी मारेल तो 'नंतर'च्या जागी खाली पडेल. ग्रंथ विसरलेल्याला आठवण देतो. कधीच न आलेल्याला तो शिकवत नाही. त्यामुळे साखळी एकदा तुटली की दहा खंड कपाटात असूनही विद्या गेली, हे खरं भय आहे, आणि मुजुमदारांना ते माहीत असावं. म्हणून तर एवढी चित्रं.

मग अंग? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉसने १९३४ साली पॅरिसमध्ये एक व्याख्यान दिलं, माणसं आपलं शरीर वापरायला समाजाकडून शिकतात या विषयावर. चालणं, पोहणं, खणणंसुद्धा. त्यात त्याने स्वतःची एक खोड सांगितली. त्याच्या लहानपणी पोहताना तोंडात पाणी घेऊन बाहेर फेकायला शिकवत. पुढे ही पद्धत गेली, तिचा काही उपयोग नाही हे त्यालाही कळलं, पण त्याचं तोंड पाणी फेकायचं थांबेना. ज्ञान बदललं, अंग बदललं नाही. आम्हाला हे पटतं. आजही अवघड जागी, जिन्यावर, बसमध्ये तोल गेला की आमचं पोट आधी उचललं जातं. वय पंचाहत्तरीकडे, पण वस्ताद अजून ओरडतात.

आपल्याकडचे वैशेषिक याहून बारीक विचार करतात. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' आम्ही तीस वर्षं शिकवला. त्यात संस्कार नावाचा एक गुण आहे, आणि त्याचे तीन प्रकार: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग म्हणजे सुटलेल्या बाणात असतो तो. स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली फांदी सोडली की परत येते तो. भावना म्हणजे अनुभवाचा उरलेला ठसा, ज्याच्यामुळे आठवण होते. वर्गात मुलं विचारायची, सर, बाण, फांदी आणि आठवण या तीन गोष्टी एका खात्यात कशा? आम्ही पुस्तकी उत्तर द्यायचो. पडवीत नातीचा पाय पाहताना खरं उत्तर सापडलं. मोकळ्या पायाला वेग आहे, मांडीला लागून परत फिरण्यात स्थितिस्थापक आहे, आणि हे सगळं नेमक्या क्षणी होण्यात शेकडो संध्याकाळींची भावना आहे. एकाच आकड्यात तिन्ही. फक्त अन्नंभट्ट म्हणतो, भावना आत्म्यातच राहते, शरीरात नाही. इथे आमचं आणि त्याचं जमत नाही. आमचं मनगट मोडल्यावर आत्मा शाबूत होता, तरी झाप गेली.

टँगोवाल्यांनी ही साखळी कशी टिकवली ते मात्र शिकण्यासारखं आहे. ब्यूनोस आयर्सच्या वस्त्यांत पोरं आधी पोरांबरोबरच सराव करत. त्या सरावाच्या जागेला ते प्राक्तिका म्हणतात, म्हणजे आपली तालीमच. नवखा आला की आधी त्याला बाईची बाजू नाचावी लागे. महिनोन् महिने. दुसऱ्याचा इशारा अंगावर कसा येतो हे कळल्याशिवाय इशारा द्यायचा नाही. मल्लखांबात ही सोय नाही, लाकूड इशारा देत नाही. त्याचा एक फायदा आहे, चूक शंभर टक्के आपली. जोडीत गांचो चुकला तर कोणाचा चुकला यावर संसार मोडतील.

आणि तिथेही विद्या मध्ये मरायला आली होती. १९५० नंतर तरुण मंडळी दुसऱ्या संगीताकडे गेली, नाचघरं ओस पडली. मग १९८३ साली पॅरिसमध्ये 'तांगो आर्हेंतीनो' नावाचा कार्यक्रम झाला, १९८५ ला तो न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेला. हुआन कार्लोस कोपेस आणि मंडळींनी मंचावर असे आकडे टाकले की जग वेडं झालं. लोक ब्यूनोस आयर्सला शिकायला धावले. तिथे जाऊन पाहतात तो काय, गर्दीच्या नाचघरात म्हातारे गांचो मारतच नाहीत! जागा नसते, आणि दुसऱ्याला टाच लागणं असभ्य. जगाने ज्याला टँगो समजलं ते मंचावरचं रूप. आपल्याकडे मनोऱ्याच्या टाळ्या अढीला मिळत नाहीत, तसंच.

आपली साखळीही स्पर्धांनी सांधली, हे मान्य केलं पाहिजे. १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तिथे देशी व्यायामांची प्रात्यक्षिकं केली. १९८१ ला उज्जैनला राष्ट्रीय संघटना आणि स्पर्धा सुरू झाल्या. २०१९ ला मुंबईत शिवाजी पार्कवर जागतिक स्पर्धा झाली, आणि ज्यांनी आयुष्य यात घातलं त्या उदय देशपांडे यांना २०२४ ला पद्मश्री मिळाली. गुणांकन आलं, नियम आले, गाद्या आल्या. मुलींसाठी बराच काळ दोरीच मुख्य होती; आता त्या पुरलेल्या खांबावरही दिसतात. राणीपासून इथवर यायला दीडशेच्या वर वर्षं लागली. विष्णुभटांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मध्ये काय झालं होतं तुम्हाला?

दिवाळीचा प्रसंग अर्धा राहिला, तो सांगून थांबतो. नातीने खांबाला आकडा टाकला तेव्हा ताई तिथेच आरामखुर्चीत होती. भाऊबीजेला आलेली. ऐंशीला टेकलेली, गुडघे धरलेले, काठीशिवाय उठत नाही. नातीने दोनतीनदा केलं. आम्ही अढी, गांचो, सोमेश्वर, सगळं सांगायला लागलो होतो. ताई काही बोलली नाही. मग म्हणाली, "मांडी उशिरा लागतेय तिची. खांबाच्या जवळ उभी राहा गं. अजून जवळ."

नात जवळ सरकली. पुन्हा केलं. पाय जाऊन आला, आवाजसुद्धा नाही.

"आत्याआजी, तुम्हाला कसं कळलं?" नातीने विचारलं.

ताईने आमच्याकडे पाहिलं. पासष्ट वर्षांनी आम्ही सांगितलं, अढी आम्हाला कोणी शिकवली ते. आई नव्हती ऐकायला, वस्तादही नव्हते. ताई म्हणाली, "माहितीये मला. तुझी उजवी मांडी अजून सैल पडते. फराळाचं ताट आणा आता."